सुभेदारांची पलटण

घर भाड्यानं देणारी माणसं काय काय विचारतात ते मला तोंडपाठ झालं होतं. माणसं किती, पाहुणे किती, मटण-मच्छी शिजवता का, गाडी कुठे लावणार. आणि 'मिस्टर काय करतात?' हा तर ठेवणीतला प्रश्न. मिस्टर नाहीत म्हटलं की ती जागा लगेच कुणाच्या तरी पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघायची. कुपवाडच्या एका कारखान्यात कास्टिंग तपासायची नोकरी लागली, तेव्हा अशी घरं बघून बघून मी कावले होते. त्यात बरोबर आई, कंपवाताची. शेवटी वसाहतीच्या मागच्या अंगाला एका दुमजली घराच्या फाटकात उभी राहिले. वरच्या मजल्यावरून बनियन आणि कडक इस्त्रीची खाकी पँट घातलेला, मिशांना पीळ दिलेला एक माणूस खाली आला आणि त्यानं एकच विचारलं.

"ताई, मिक्सर हाय का तुमच्याकडं?"

"आहे की."

"मग अट ऐका. मिक्सर लावायच्या आदी जिन्यात येऊन वरडायचं. मी 'ओके' म्हटल्याबिगर बटण दाबायचं न्हाई. मंजूर असंल तर सामान आणा."

माणूस थोडा सरकलेला दिसतोय, असं मनात आलं. पण माझा नवरा कुठाय हे न विचारणारा तो पहिलाच घरमालक होता, आणि आईसाठी मला तळमजला हवाच होता. मी सामान आणलं. आता साताऱ्याला राहायला येऊन वर्ष होत आलं, माझ्या डोक्यावर कुणी राहतही नाही, तरी परवा खोबरं वाटायला घेतलं आणि "मिक्सर!" अशी आरोळी तोंडातून गेलीच.

मिक्सरचं कारण दुसऱ्याच दिवशी कळलं. वरच्या मजल्यावर, चारचौघांच्या घरात जिथे सोफा आणि टीव्ही असतो त्या खोलीत, एक लांबलचक टेबल होतं आणि त्यावर आमच्या घरमालकांची, म्हणजे सुभेदारांची, पलटण मांडलेली होती. सीक्वेन्सर म्हणतात त्या ताल वाजवणाऱ्या यंत्रांना. चपटी पेटी, वर ओळीनं सोळा बटणं, प्रत्येक बटणापाशी एक लाल दिवा. सुरू केलं की उजेड एका दिव्यावरून पुढच्यावर पळत जातो आणि टोकाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. जिथलं बटण दाबून ठेवलंय तिथे आवाज वाजतो, बाकी ठिकाणी गप्प. सुभेदार त्या सोळा जागांना घरं म्हणायचे. "ज्याला रिकामी घरं ठिवायची अक्कल न्हाई त्यानं ह्या नादाला लागू नये," असं ते मला, त्यांच्या बायकोला म्हणजे काकूंना, गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्याला, सगळ्यांना सांगायचे. खाली मिक्सर सुरू झाला की या पेट्यांच्या आवाजात घुर्रर्र शिरायचं, आणि मग सुभेदार वरून असे गरजायचे की शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं उठून बसायचं.

सुभेदार हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. पण त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. काकूसुद्धा रागावल्या की "सुभेदारऽ" म्हणायच्या. मूळचे उंब्रजचे. एका भावानं ऊस सांभाळायचा आणि एकानं सैन्यात जायचं, ही त्यांच्या घरातली जुनी वाटणी. हे सिग्नलमध्ये लागले. "सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून टिक-टिक ऐकण्यात गेली," ते सांगायचे. "पेन्शन घिऊन घरी आलो तर कान मोकळे. लय बेचैन झालो बघा. मग मोबाईलवर एकाला असली पेटी वाजवताना बघितलं आन् म्हटलं, हे तर आपलंच खातं हाय."

पेट्या जुन्या, कुणी कुणी विकायला काढलेल्या, बंगळूर-मुंबईहून कुरियरनं यायच्या. आली की सुभेदार तिला आधी कपड्यानं पुसायचे आणि मग हुद्दा द्यायचे. सगळ्यात जड आणि जुनी करडी पेटी हवालदार. ढोलासारखा घुमारदार आवाज काढणारी नाईक. आणि सगळ्यात शेवटी आलेली, बिस्किटाच्या पुड्याएवढी, धातूचे आवाज काढणारी ती रंगरूट.

एकटी पेटी वाजवणं त्यांना पोरखेळ वाटायचा. खरं काम म्हणजे दोन-तीन जोडून एका दमात चालवायच्या. हवालदारातून एक वायर नाईकाला, नाईकातून एक रंगरूटाला. हवालदार टिक देणार आणि बाकीच्यांनी त्या टिकेला एकेक घर पुढे सरकायचं. रंगरूट आली तेव्हा आठवडाभर ती निम्म्याच चालीनं चालत होती. सुभेदारांनी वायर बदलली, सेल बदलले, शेवटी जागा बदलून तिला खिडकीपाशी ठेवून पाहिलं. मग कळलं की ती दुसऱ्या कंपनीची, दोन टिका झाल्या की मगच एक घर सोडणारी. "अर्ध्या पगारात काम करत हुता गडी," असं म्हणून त्यांनी तिची सेटिंग बदलली आणि त्या आनंदात आम्हाला पेढे आले. पेढे कशाचे हे आईला समजावताना माझी पुरेवाट झाली.

टिक कुणी द्यायची याबद्दल त्यांचा एक कायदा होता. "मालक एकच. एका पलटणीला दोन मालक झालं की बट्ट्याबोळ." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की काकूंनी एकदा जिन्यातूनच विचारलं, "मग ह्या घरात मालक कोन?"

"तू हायस की."

"मग बंद करा ती टिकटिक आन् दळण आणा."

काकू वाईकडच्या. लग्नाआधी नवरा फौजेत आहे म्हणून खूश होत्या, आता घरी आहे म्हणून हैराण. "सवत परवडली असती," त्या मला म्हणायच्या, "ती रातीची गप झोपली तरी असती." सुभेदारांनी पेट्या लावल्या की त्या कानात कापूस घालून भाजी निवडत बसायच्या.

माणसाच्या तालावर सुभेदारांचा काडीचा विश्वास नव्हता. "मानसाचा ताल म्हंजे एसटीचं टाइमटेबल," म्हणायचे. वसाहतीच्या गणपतीत एका वर्षी पोरांनी त्यांना मांडवात बोलावलं. पोरांना वाटलं, काका डीजे लावतील. काकांनी पलटण नेली आणि आरतीला साथ धरली. आता आरती म्हणजे काय, सुरुवातीला सावकाश आणि शेवटाकडे प्रसाद दिसायला लागला की पळापळ. हवालदार काही पळेना. माणसं दोन ओळी पुढे गेली तरी पेट्या आपल्या मागून शांतपणे चाललेल्या. कुणीतरी "काका, वाढवा की" म्हणालं, तर सुभेदार हात वर करून ओरडले, "मशीन बराबर हाय! तुमी पळताय!" त्या वर्षी आमच्या वसाहतीत अर्धी आरती दोनदा झाली. पुढच्या वर्षी मांडवात पुन्हा झांजा आल्या, आणि सुभेदार घराच्या गच्चीवरून त्या ऐकून कपाळाला हात लावत बसले.

असा हा माणूस. आणि याच माणसानं माझ्या आईला उभं ठेवलं.

आईचा हात थरथरायचा त्याचं मला इतकं भय नव्हतं. पाय थिजायचे, त्याचं होतं. बरी चालत असायची आणि दाराशी आली की पाय जमिनीला चिकटायचे. डोकं म्हणतंय चल, पाय ऐकत नाहीत. दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडल्यावर तिनं चालायचंच सोडलं. पलंगावरून संडासपर्यंत मी धरून न्यायचे, आणि मी कामावर असले की ती पाणी प्यायची नाही, जावं लागेल म्हणून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता चालवलं नाहीत तर त्या अंथरुणाला खिळतील. एकदा खिळल्या की उठवणं अवघड." मला दुसरं कुणी नव्हतं. आई पडून राहिली तर नोकरी सोडायची, आणि नोकरी सोडली तर तिची औषधं कशानं आणायची, या विचारानं माझी झोप उडाली होती. तालावर चालवून बघा, काहींना फरक पडतो, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. मी मोबाईलवर टकटक वाजणारं काहीतरी उतरवून घेतलं. आईनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे बंद कर. घाण्याला जुंपल्यागत वाटतंय."

मी चिडले. मोठ्यानं बोलले, रडले. वर ऐकू गेलं असणार, कारण थोड्या वेळानं जिन्यावर वायरी फरफटत आल्याचा आवाज झाला. सुभेदार नाईकाला बगलेत मारून दारात उभे. मागून काकू, हातात स्पीकर, तोंडानं बडबड चालू.

"आक्का," सुभेदार आईला म्हणाले, "ताल पायजे ना? ताल म्हंजे आपलं खातं."

त्यांनी व्हरांड्यात टेबल मांडलं आणि परेड लावली. डावा-उजवा, डावा-उजवा, घड्याळासारखी. आई माझ्या खांद्याला धरून उभी राहिली, जरा ऐकलं आणि परत बसली.

"आवं सुभेदार, मला काय भरती व्हायचंय व्हय?"

"मग तुमचा ताल सांगा."

आई आटपाडीकडची. तिचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. गावच्या जत्रेत पुरुष धनगरांचा गजी नाच नाचायचे, मोठा ढोल आणि त्याच्याबरोबर कैताळ, म्हणजे परातीएवढी झांज. बायका नाचत नसत, कडेला उभ्या राहून बघत. "पर पाय कुटं ऐकत्यात," आई म्हणाली. "लुगड्याच्या आत आमचं चालूच असायचं." इतक्या महिन्यांत मी तिला असं हसून बोलताना पाहिलं नव्हतं.

सुभेदारांनी तिच्यापुढे डब्याचं झाकण ठेवलं. "वाजवा."

आईनं उजव्या हातानं वाजवलं. सुभेदार डोळे मिटून ऐकत होते आणि नाईकाची बटणं दाबत होते. मग त्यांनी सुरू केलं. ढोल तर वाजला, पण प्रत्येक ठोक्यानंतर बारीक बारीक टिरटिरटिर. त्यांनी इमानेइतबारे सगळं भरलं होतं, एकही घर चुकवलं नव्हतं. आई ऐकत राहिली आणि मग असं हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आवं, ती ढोलाची थाप न्हवं! ती माझ्या रोगाची हाय!"

सुभेदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हाताची थरथर त्यांनी घरांत भरून ठेवली होती. काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला हुंदका आला. मग सुभेदारांनी सगळी घरं रिकामी केली आणि आईनं या वेळी तोंडानं ढोल सांगितला.

ढोल जमला. आईच्या पायाचा अंगठा हलायला लागला, पण पाऊल उचलेना. रंगरूटावर कैताळ भरलं, हवालदाराला वायर जोडली. तरी नाही.

"कैताळ चुकतंय," आई म्हणाली. "ते ढोलाच्या अंगावर पडतंय. ते मागनं यायला पायजे. जरासं. ढोल म्हनतो चल, आन् कैताळ म्हनतं, आले."

'जरासं' म्हणजे किती, हे सुभेदारांना कळेना. एक घर मागे सरकवलं तर फार उशीर व्हायचा, त्याच घरात ठेवलं तर अंगावर पडायचं. कैताळ दोन घरांच्या मधल्या भिंतीत राहत होतं. हवालदाराच्या टिकेवर ते बसणारच नव्हतं. दोन दिवस ते वर खाली करत राहिले. जेवताना ताटावर चमचा वाजवतात म्हणून काकूंनी ताट काढून घेतल्याचं मला कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा ते खाली आले. त्यांनी रंगरूटाची वायर उपटली. हवालदाराला बाजूला ठेवलं. नाईक आपल्या चालीनं सुरू केला, आणि किंचित थांबून, मान तिरकी करून, रंगरूट हातानं सुरू केली. कैताळ मागून आलं.

दोन्ही पेट्या आता आपापल्या मालकीच्या. हळूहळू त्या एकमेकींपासून सरकायच्या, म्हणून सुभेदार दोन हातांनी चाल कमी-जास्त करायच्या दोन चाव्या धरून बसले. यात एक जरा मागे, त्यात एक जरा पुढे. आई उभी राहिली. ढोल वाजला, कैताळ वाजलं, आणि आईचं पाऊल उचललं. दुसरं उचललं. सुभेदारांची नजर पेट्यांवर नव्हती, आईच्या पायांवर होती. ती मंदावली की ते चावी मागे घ्यायचे, तिला जोर आला की पुढे. दाराच्या पट्टीपाशी ती थांबली. मी पुढे धावले तर सुभेदारांनी डोळ्यांनीच मला दटावलं. त्यांनी ढोल एवढासा ओढला, वाट बघितली, आणि आई पट्टी ओलांडून व्हरांड्यात आली.

"मालक एकच," मी रडत रडत त्यांना चिडवलं.

"एकच हाय की," ते म्हणाले. "आक्का."

मला वाटलं, आता हे रेकॉर्ड करून घेऊ, म्हणजे काकांना त्रास नको. केलंही. आई त्यावर चार पावलं चालली आणि थिजली. रोज तिची चाल वेगळी असायची. गोळी लागू पडली की वेगळी, ऊन चढलं की वेगळी. रेकॉर्डिंग काही तिच्या पायांकडे बघत नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी मी कामावर निघायच्या आधी सुभेदार पेट्या घेऊन खाली यायचे. ताप असला तरी, पाहुणे असले तरी. एकदा उंब्रजला भावाच्या घरी वास्तुशांत होती, तर ते पहाटेच्या गाडीनं निघायचं सोडून आईला चालवून मग निघाले आणि पूजेला उशिरा पोचले. भाऊ महिनाभर बोलत नव्हता. आरती पळवणाऱ्यांवर ओरडणारा माणूस माझ्या आईचा पाय उचलेपर्यंत श्वास धरून बसायचा.

आई गेल्या वर्षी गेली. झोपेतच गेली, आणि आदल्या संध्याकाळी स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून भांडून आली होती. ती अंथरुणाला खिळली नाही. मला नोकरी सोडावी लागली नाही. लोक म्हणतात, नशीब. मी म्हणते, नशीब वरच्या मजल्यावर राहत होतं आणि मिक्सर लावला की खेकसायचं. देवाचे पाय मी फार वेळा धरले नाहीत, पण या नवरा-बायकोचे धरले असते. धरायला गेले तेव्हा दोघंही मागे सरकले.

त्याआधीची एक गोष्ट राहिली.

एका दुपारी सुभेदारांच्या छातीत कळ आली. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं. इकडे आईचं चालणं बंद पडलं. पेट्या माझ्या हातात चालेनात. मी ढोल धरला की कैताळ निसटायचं, कैताळ धरलं की ढोल. पाच-सहा दिवसांत ती पुन्हा पलंगाला धरून बसली आणि मला तो जुना घोर लागला. एका सकाळी ती म्हणाली, "मला सुभेदारांकडं ने."

रिक्षातून उतरवून धरत धरत तिला वॉर्डापर्यंत नेलं. दारात फरशीचा रंग बदलत होता. तिथे तिचे पाय चिकटले. मागे स्ट्रेचर घेऊन माणसं खोळंबली. एक वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. "आजी, बसा यात, लगेच पोचवतो."

"न्हाई," आई म्हणाली. "खुर्चीतनं त्यांच्याम्होरं जायाचं न्हाई मला."

पलीकडच्या टोकाच्या पलंगावर सुभेदार होते. मिशा पडलेल्या, उजव्या हाताला सलाईन. शेजारी स्टुलावर बसून काकू त्यांना डब्यातून मऊ भात भरवत होत्या. सुभेदारांनी आईला दारात अडकलेलं पाहिलं. त्यांना बोलायला जोर नव्हता. त्यांनी डावा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर नेला आणि ढोल धरला. हळू, पण नेमका.

आईचा अंगठा हलला. पाऊल उचललं नाही.

कैताळ नव्हतं. मला कळलं, त्यांनाही कळलं. दुसरा हात सलाईनला बांधलेला. त्यांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं आणि ढोल चालूच ठेवला. मी दारातच दोन्ही हातांनी टाळी दिली, ती त्यांच्या ठोक्याच्या अंगावर पडली. पुन्हा दिली, पुन्हा चुकली.

तेवढ्यात काकूंनी भाताचा चमचा पुसला, डब्याचं झाकण डाव्या हातात धरलं, आणि मारलं. ढोलाच्या मागून. जरासं. दोन घरांच्या मधल्या त्या भिंतीत, बरोब्बर. चेहरा तसाच त्रासलेला, नजर आईच्या पायांवर. सुभेदारांनी वळून बायकोकडे पाहिलं. हात न थांबवता.

आईनं पाऊल टाकलं. मग दुसरं. सगळा वॉर्ड उठून बसला. लगबगीनं सिस्टर आल्या. "अहो मावशी, काय चाललंय हे? पेशंट झोपलेत. बंद करा आधी!"

"थांबा वं बाई," काकू म्हणाल्या, झाकणावरचा चमचा न चुकवता. "त्या अजून पोचल्या न्हाईत."